विश्लेषण : ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकल्यावर पुढे काय? ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’चा खटला टिकतो कशावर आणि कोसळतो कशामुळे?

थर्टी फर्स्ट असो, गटारी असो किंवा साधा शनिवार, रात्री अकरानंतर शहरातल्या मोठ्या चौकांत बॅरिकेड लागतात. पोलीस गाडी बाजूला घ्यायला सांगतात, यंत्र तोंडाजवळ धरतात आणि काही सेकंदांत स्क्रीनवर आकडा उमटतो. आकडा आला की विषय संपला, दंड भरायचा आणि सुटायचे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात खटला तिथून सुरू होतो. हा आकडा कोणत्या यंत्राने, किती वाजता आणि कोणासमोर नोंदवला, रक्त घेतले असेल तर ते प्रयोगशाळेपर्यंत कोणाच्या हातातून गेले, यावर न्यायालयातला निकाल ठरतो. या साखळीतली एक कडी निसटली तर दोन चुका होऊ शकतात. मर्यादेत असलेला चालक गुन्हेगार ठरू शकतो आणि माणूस चिरडणारा चालक दारूच्या आरोपातून सुटू शकतो. महाराष्ट्राने गेल्या पंचवीस वर्षांत यातले बरेच काही पाहिले आहे.

थोडक्यात

• मर्यादा : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याहून जास्त असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार गुन्हा.
• शिक्षा : पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही.
• अटक झाल्यास २ तासांच्या आत वैद्यकीय तपासणी बंधनकारक.
• फुंकायला नकार दिल्याने सुटका होत नाही. तो नकार न्यायालयात चालकाच्या विरोधात वापरता येतो.

कायदा नेमका काय सांगतो?

या विषयाची सगळी मांडणी मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या पाच कलमांत आहे. गुन्हा आणि शिक्षा कलम १८५ मध्ये, अटकेचा अधिकार कलम २०२ मध्ये, श्वासाची चाचणी कलम २०३ मध्ये, रक्ताची चाचणी कलम २०४ मध्ये आणि नकाराचा परिणाम कलम २०५ मध्ये. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजार रुपयांपर्यंतच होता. त्याच दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाचा बदल केला. आधी कलमात फक्त ब्रेथ ॲनालायझरचा उल्लेख होता, आता प्रयोगशाळेच्या तपासणीसह इतर चाचण्याही मान्य आहेत.

गुन्हा गाडी चालवणाऱ्याचा किंवा चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्याचा आहे. मागच्या सीटवर बसलेल्या मित्राने कितीही घेतली असली तरी त्याला कलम १८५ लागत नाही. दुचाकीस्वाराला मात्र तेच नियम लागू आहेत. गांजा किंवा एमडीसारख्या अमली पदार्थांसाठी आकड्यात मर्यादा नाही. चालक गाडीवर नीट ताबा ठेवू शकत नव्हता, हे तिथे सिद्ध करावे लागते आणि ब्रेथ ॲनालायझरचा त्यात उपयोग नसतो.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती पेग?

भारतात मिळणाऱ्या व्हिस्की किंवा रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमधून सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल शरीरात जाते. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे ४० मिलिग्रॅमच्या आसपास पातळी जाऊ शकते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीमध्ये हाच पेग ६५ च्या जवळ नेऊ शकतो, कारण वजन कमी असते आणि शरीरातले पाण्याचे प्रमाणही कमी असते. ८ टक्के अल्कोहोल असलेली स्ट्राँग बीअरची ६५० मिलिलिटरची बाटली ७० किलोच्या पुरुषाला ८० च्या वर नेऊ शकते.

हे ढोबळ गणित आहे. जेवण, पिण्याचा वेग आणि प्रकृती यांनुसार आकडा बदलतो. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘एकच घेतली’ असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूसही कायद्याच्या मर्यादेबाहेर असू शकतो. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. भारताची मर्यादा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

श्वासातून रक्ताचा आकडा कसा निघतो?

चांगल्या ब्रेथ ॲनालायझरमध्ये फ्युएल सेल सेन्सर असतो. श्वासातले अल्कोहोल त्यातल्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइझ होते आणि त्यातून वीज तयार होते. अल्कोहोल जितके जास्त, तितका विद्युतप्रवाह जास्त. यंत्र हा प्रवाह मोजते आणि ठरावीक गुणोत्तर वापरून रक्तातल्या प्रमाणात बदलते. हे गुणोत्तर सहसा २१०० ला १ असे धरले जाते. म्हणजे २१०० मिलिलिटर श्वासात जितके अल्कोहोल, तितकेच १ मिलिलिटर रक्तात आहे, असे गृहीत धरायचे.

अडचण अशी, की प्रत्येक माणसाचे गुणोत्तर २१०० नसते. ज्याचे १८०० आहे त्याला यंत्राने ३२ दाखवले तर रक्तातले खरे प्रमाण साधारण २७ असू शकते. ज्याचे २४०० आहे त्याच्या बाबतीत तोच ३२ प्रत्यक्षात ३६ च्या पुढे असतो. आकडा १५० आला तर या फरकाने काही बिघडत नाही. ३० च्या आसपासच्या आकड्यांत मात्र रक्ततपासणीचे महत्त्व वाढते.

दुसरी अडचण तोंडातल्या अल्कोहोलची. काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असते. ते वापरल्यानंतर किंवा नुकताच घोट घेतल्यानंतर लगेच फुंकले तर आकडा फुगतो, कारण यंत्र फुप्फुसाऐवजी तोंडातली वाफ मोजते. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा चाचणी घेतली की हा परिणाम बहुतांशी निघून जातो. कलम २०३ मध्ये श्वासाचे ‘एक किंवा अधिक नमुने’ असा शब्दप्रयोग आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा फुंकायला लावणे कायद्यात बसते.

रेषेवर चालायला लावणारी चाचणी इथे का नाही?

हॉलीवूडच्या चित्रपटांत पोलीस चालकाला सरळ रेषेत चालायला लावतात, एका पायावर उभे करतात आणि डोळ्यांसमोर पेन फिरवतात. अमेरिकेत या तीन चाचण्या प्रमाणित आहेत. १९७० च्या दशकात झालेल्या संशोधनातून त्या ठरल्या आणि तिथले अनेक खटले त्या चाचण्या नीट घेतल्या की नाही यावरच लढवले जातात.

भारतीय कायद्यात अशी प्रमाणित चाचणी नाही. डॉक्टर तपासणीत वास, चाल, बोलणे आणि बुबुळे पाहून नोंद करतात, पण एवढ्या लक्षणांवर शिक्षा होईलच असे नाही. १९७१ मध्ये बचुभाई हसनअली करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तोंडाला वास येणे, चाल अडखळणे, बोलणे असंबद्ध असणे आणि बुबुळे विस्फारलेली असणे एवढ्यावरून दारू प्यायल्याचे सिद्ध होत नाही. बचाव पक्ष आजही या निकालाचा आधार घेतो. त्यामुळे भारतात खटल्याचा सगळा भार यंत्राच्या आकड्यावर आणि रक्ताच्या अहवालावर येतो.

फुंकायला नकार दिला तर?

फुंकलेच नाही तर पुरावाच राहणार नाही, असा सल्ला मित्रमंडळींत हमखास दिला जातो. कायद्यात त्याला आधार नाही. चालकाने नकार दिला आणि त्याने दारू घेतल्याचा वाजवी संशय असेल, तर पोलीस त्याला विनावॉरंट अटक करू शकतात. त्यानंतर पोलीस ठाण्यात डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना मागता येतो. योग्य कारण नसताना श्वास किंवा रक्त द्यायला नकार दिला, तर कलम २०५ नुसार तो नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो.

‘स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही’ हा घटनेतला मुद्दाही इथे फारसा चालत नाही. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात स्पष्ट केले. शरीरातून मिळणाऱ्या नमुन्यांनाही हेच तत्त्व लावले जाते.

दोन तासांची अट काय आहे?

कलम १८५ खाली अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, असे कलम २०२ सांगते. तसे झाले नाही तर तिला कोठडीतून सोडावे लागते. यावरून ‘दोन तास उलटले की केस संपली’ असा समज पसरला आहे. कलमाचे शब्द कोठडीतून सोडण्यापुरते आहेत, निर्दोष सुटण्याबद्दल नाहीत. तपासणीला उशीर झाला की पुरावा दुबळा होतो, हे मात्र खरे.

याचे कारण शरीराच्या कामात आहे. रक्तातले अल्कोहोल ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने कमी होते. काहींमध्ये हा वेग १० असतो, काहींमध्ये २०. अपघाताच्या वेळी ६० असलेली पातळी चार तासांनी शून्याजवळ पोचते. उलट, शेवटचा पेग घेऊन लगेच निघालेल्या माणसाची पातळी पहिला तासभर वाढतही असू शकते. म्हणून चाचणीची वेळ आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

बचाव पक्ष कुठे बोट ठेवतो?

यंत्र : कलम २०३ च्या स्पष्टीकरणानुसार चाचणीचे उपकरण केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारातले हवे. त्याचे कॅलिब्रेशन कधी झाले, प्रमाणपत्र आहे का, हे प्रश्न इथूनच निघतात. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये याबाबत महत्त्वाचा निकाल दिला. प्रत्येक चाचणीआधी यंत्राची कोरी चाचणी व्हावी आणि तिचा आकडा ०.००० यावा, असे न्यायालयाने म्हटले. मागच्या माणसाच्या श्वासातले अल्कोहोल यंत्रात राहिले असेल तर ते इथे पकडले जाते.

कागद : आकडा फक्त स्क्रीनवर दिसून भागत नाही. वेळ, तारीख आणि उपकरणाचा क्रमांक असलेली प्रिंट हा खरा पुरावा असतो.

संशयाचे कारण : ‘वाजवी संशय’ असेल तर चाचणी, अशी कलम २०३ ची भाषा आहे. गाडी झिगझॅग जात होती की तोंडाला वास येत होता, याची नोंद पोलिसांनी केली आहे का, हे उलटतपासणीत विचारले जाते.

रक्ताची बाटली : रक्त कोणी काढले, किती काढले, बाटलीत योग्य रसायन होते का, सील कोणी केले, रात्रभर ती कुठे ठेवली आणि प्रयोगशाळेत कोणी पोचवली. या प्रत्येक टप्प्याला साक्षीदार लागतो.

महाराष्ट्राने काय पाहिले?

पहिले प्रकरण वांद्र्यातले. सप्टेंबर २००२ मध्ये पदपथावर झोपलेल्यांवर गाडी गेली आणि एकाचा मृत्यू झाला. अभिनेता सलमान खानच्या रक्ताच्या अहवालात ६२ मिलिग्रॅम अल्कोहोल दाखवले होते, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. दारूच्या मुद्द्यावर न्यायालयाला रक्ताच्या नमुन्याचा प्रवास विश्वासार्ह वाटला नाही. काढलेले रक्त ६ मिलिलिटर होते आणि तपासणाऱ्यापर्यंत ४ मिलिलिटर पोचल्याची नोंद होती. या निकालाला राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

दुसरे प्रकरणही वांद्र्यातलेच, कार्टर रोडचे. नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या कामगारांवर गाडी चढली आणि सात जणांचा जीव गेला. ॲलिस्टर परेराच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले. दोषारोपात दारूचा उल्लेखच नव्हता, असा बचाव पक्षाचा आक्षेप होता. तो टिकला नाही आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखालची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली.

तिसरे प्रकरण पुण्याच्या कल्याणीनगरचे. १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे गाडीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. अल्पवयीन आरोपीचा रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात घेतला गेला तो सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे सुमारे साडेआठ तासांनी. ताशी १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने तेवढ्या वेळात १२० मिलिग्रॅमची पातळीही उतरून जाते. त्यातही तो नमुना बदलून मुलाच्या आईचे रक्त ठेवल्याचा पोलिसांचा आरोप आहे. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याच्या डीएनए तपासणीत पहिला नमुना जुळला नाही, तेव्हा हा प्रकार उघड झाला. ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. दुसरा नमुना घेतला नसता, तर कोरा अहवालच न्यायालयासमोर गेला असता.

पळून जाणाऱ्याला फायदा होतो का?

आकड्यापुरते बोलायचे तर होतो. वरळीत ७ जुलै २०२४ रोजी बीएमडब्ल्यूच्या धडकेत दुचाकीवरच्या महिलेचा मृत्यू झाला आणि फरार चालकाला ९ जुलैला अटक झाली. दोन दिवसांनी कोणाच्याही रक्तात अल्कोहोल सापडण्याची शक्यता जवळपास नसते. अशा वेळी पोलिसांना बारचे बिल, सीसीटीव्ही चित्रीकरण आणि वेटरच्या जबाबावर विसंबावे लागते. हे पुरावे दारू घेतल्याचे दाखवू शकतात, ३० ची मर्यादा ओलांडल्याचे दाखवणे मात्र अवघड असते.

म्हणजे जागेवर थांबून जखमीला मदत करणारा चालक चाचणीत सापडतो आणि पळालेला कलम १८५ पासून वाचतो. अपघातात मृत्यू घडवून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना नेमके हेच पोटकलम बाजूला ठेवण्यात आले.

गुन्हा कबूल करून दंड भरला की सुटका?

न्यायालयात जाऊन गुन्हा कबूल करणे हा सोपा मार्ग वाटतो. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. त्यानंतर पुन्हा सापडल्यास दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा लागू होऊ शकते. परवान्याचा प्रश्न वेगळाच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, अशी सूचना सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना केली होती.

खटल्यातून सुटलेल्यालाही विम्याचे पैसे मिळतीलच असे नाही. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झाली नसली तरी चालक दारूच्या अमलाखाली होता हे विमा कंपनी इतर पुराव्यांनी दाखवू शकते. तिथे ३० चा आकडा सिद्ध करणे अनिवार्य नाही.

नाकाबंदीत थांबवले तर चालकाने काय लक्षात ठेवावे?

• चाचणी घेणारा पोलीस गणवेशात असावा. फुंकण्याची नळी नवी मागावी आणि यंत्रावर आधी शून्य दिसते का ते पाहावे.
• यंत्र टक्क्यांत आकडा दाखवत असेल तर ०.०३० म्हणजेच ३० मिलिग्रॅम.
• आकडा मर्यादेजवळ असेल किंवा नुकताच माउथवॉश वापरला असेल, तर ते तिथेच सांगून पुन्हा चाचणीची विनंती करावी.
• प्रिंटवरची वेळ वाचूनच सही करावी. प्रत मागावी किंवा फोटो घेऊ देण्याची विनंती करावी.
• अटक झाल्यास वेळ लक्षात ठेवावी, नातेवाइकांना कळवायला सांगावे आणि वैद्यकीय अहवालाची प्रत मागावी. कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे.
• महिलेचा रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असेल तर दुसरी महिला हजर असणे बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करण्यावरही कायद्याने मर्यादा घातल्या आहेत.
• हुज्जत घालणे किंवा गाडी पळवणे यातून नवे आणि अधिक गंभीर गुन्हे दाखल होऊ शकतात.

मग उपाय काय?

प्रक्रियेतल्या त्रुटींवर बोट ठेवणे हा आरोपीचा हक्क आहे. ज्याने माउथवॉश वापरला होता किंवा ज्याच्या आधीच्या माणसाचा श्वास यंत्रात अडकला होता, त्याचे रक्षण याच हक्काने होते. मात्र त्या त्रुटी शोधायला चांगला वकील परवडावा लागतो. दहा हजारांच्या दंडासाठी रिक्षाचालक यंत्राच्या कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मागत नाही. महागड्या गाडीच्या मालकाचा वकील ते मागतो आणि प्रमाणपत्र नसेल तर त्याचा फायदाही घेतो.

यासाठी लागणाऱ्या गोष्टी खर्चिक नाहीत. प्रत्येक चाचणीआधी शून्याची नोंद, वेळेसह प्रिंट, अपघातानंतर तातडीने रक्ताचा नमुना आणि गंभीर अपघातात कल्याणीनगरसारखा दुसऱ्या ठिकाणी घेतलेला दुसरा नमुना. यातल्या बहुतेक गोष्टी कायद्यात किंवा न्यायालयांच्या निकालांत आधीच आहेत. नाकाबंदीच्या रात्री त्या किती काटेकोरपणे पाळल्या जातात, यावर पदपथावर झोपलेल्या माणसाला न्याय मिळणार की नाही, हे ठरते.